डबा टांगलेलं वावर

वर्ध्याला जाणारा माणूस बहुतेक वेळा आश्रम पाहायला जातो आणि परत आल्यावर तिथल्या शांततेबद्दल बोलतो. मी वर्धा जिल्ह्यात आठवडाभर राहून आले आणि आश्रमाकडे फिरकले नाही. देवळीपासून थोडं आत, कापूस आणि तुरीच्या वावरांमध्ये एक गाव आहे. माझी धाकटी बहीण मीना लग्नानंतरचं सगळं आयुष्य तिथे राहिली आणि आदल्या वर्षीच्या मार्गशीर्षात गेली. डॉक्टर म्हणाले, पिकावर फवारायचं विष पोटात गेलं. ते कसं गेलं, हे त्यांनी आम्हालाच विचारलं. त्या भागातल्या दवाखान्यांत हा प्रश्न सगळ्यात आधी विचारतात, कारण स्वतःहून ते घेणारी माणसं तिथे वरचेवर येतात. मीनाचे यजमान भाऊराव तेव्हा काही बोलले नाहीत. पुढे वर्षभर फोनवरही या एका गोष्टीपाशी आले की ते गप्प होत.

अंत्यविधीला मी धावतपळत गेले होते, पण ती विचारण्याची वेळ नव्हती. वर्षश्राद्धाचं बोलावणं आलं तेव्हा ठरवलं, थोडे दिवस आधी जायचं आणि विचारायचं. मीनाने स्वतः घेतलं, की नकळत तिच्या पोटात गेलं? आणखी एक गोष्ट मनाशी ठरवली होती. कुणाचंही ऐकलेलं लगेच खरं धरायचं नाही. मी कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी केली. पुस्तकावरचं नाव आणि आतलं पुस्तक एकच आहे का, हे उघडून पाहण्याची सवय तिथे लागते.

देवळी

सांगलीहून वर्ध्यापर्यंतचा प्रवास लिहिण्यासारखा नाही. देवळीच्या बसस्थानकावर भाऊराव मोटारसायकल घेऊन आले होते. ते खूप वाळले आहेत. वाकून नमस्कार केला आणि म्हणाले, "ताई, चहा घेऊन घेऊ." चहाच्या टपरीसमोर बियाणं, खतं आणि औषधांचं दुकान होतं. फवाऱ्याच्या विषाला तिथे सगळे औषधच म्हणतात, आमच्याकडेही म्हणतात. चहा गार होईपर्यंत मी त्या दुकानाकडे पाहत राहिले.

एक माणूस आला आणि तुरीवर अळी आहे, भारी द्या, म्हणाला. दुकानदाराने दोन बाटल्या काढल्या, वर एक पुडी ठेवली आणि तिन्ही एकत्र करून मारा, असं सांगितलं. माणसाने खोका तिथेच फाडून बाटल्या पिशवीत टाकल्या. आतला घडी घातलेला कागद पायरीवर पडला. पायरीवर असे बरेच कागद होते. मी एक उचलला. बारा-चौदा भाषांत मुंगीएवढ्या अक्षरांत काहीतरी छापलं होतं. चष्मा लावूनही मराठीचा भाग शोधायला वेळ लागला. फवारलेल्या शेतात माणसांना आणि जनावरांना जाऊ देऊ नये, शेताच्या कडेला खूण लावावी, असं त्यात होतं. भाऊरावांनी तो कागद माझ्या हातात पाहिला आणि नजर दुसरीकडे वळवली. या दुकानदारावर मला संशय आला, मग भाऊरावांवर आला, आणि मी कागद पर्समध्ये ठेवला.

आमच्याकडे द्राक्षबागांवर फवारे चालतात तेव्हा अख्ख्या शिवाराला वास सुटतो. पण तिकडची द्राक्षं परदेशात जातात, म्हणून ती तपासतात. कशात किती विष उरलं आहे, हे आमच्याकडे समुद्रापलीकडच्या माणसासाठी मोजलं जातं. इथल्या तुरीच्या शेंगा गावातच खातात. त्या कोण तपासणार?

घर

घरात भाऊराव, मुलगा आणि सून स्वाती. मुलगा हिंगणघाटला नोकरीला आहे, शनिवारी येतो. स्वाती बोलकी आहे, पण माझ्यासमोर मोजकं बोलत होती. अंगणात हौदाशेजारी एक निळा डबा अर्धा कापून ठेवला होता आणि त्यातून कोंबड्या पाणी पीत होत्या. डबा कशाचा, ते विचारायची गरज नव्हती. मी सोबत आणलेल्या बाटल्यांमधलंच पाणी प्यायले. स्वातीच्या ते लक्षात आलं.

संध्याकाळी तिने वांगी चिरायला घेतली. मी म्हटलं, मी मदत करते, आणि फोडी मिठाच्या पाण्यात घालून ठेवल्या. विष असेल तर थोडंफार निघून जाईल, असं कुठेतरी वाचलं होतं. एका पाण्याने समाधान होईना म्हणून दुसरं केलं. स्वातीला वाटलं मीठ अजून पडायचं आहे. तिनेही घातलं. ज्वारीच्या भाकरीबरोबर ती भाजी तोंडात घालवेना. मी ताट बाजूला सरकवलं. स्वाती रडवेली झाली. भाऊरावांनी मात्र ताटातली सगळी भाजी खाल्ली, पुसून खाल्ली, आणि हात धुवायला उठले. एक शब्द बोलले नाहीत. मला ते सौजन्य वाटलं नाही. इतकं खारट कुणी गप्प बसून का खाईल, असं मनात आलं.

वावर

सकाळी भाऊरावांबरोबर वावरात गेले. आमच्याकडे शेताला रान म्हणतात, इथे वावर. आमचा बांध तो यांचा धुरा. मुलूख सपाट, माती काळी, आणि डोळा जाईल तिथपर्यंत पऱ्हाटी, म्हणजे कापसाची झाडं. सात-आठ ओळी पऱ्हाटीच्या, मग एक तुरीची, पुन्हा पऱ्हाटी. तूर डोक्याच्या वर गेलेली होती आणि शेंगांनी लगडली होती. धुरे मात्र जागोजागी गंजल्यासारखे तांबूस पडले होते. तणनाशक मारलं की असं होतं. मीना पावसाळ्यात फोन करायची तेव्हा केना, चिवळ, तरोटा अशी भाज्यांची नावं सांगायची, निंदताना ओटीत भरून आणायची. आता निंदायला बायका लावत नाहीत, फवारा मारतात, आणि भाज्या तणाबरोबर जळतात. स्वाती म्हणाली, चिवळ आता नाल्याकाठी मिळाली तर मिळते.

भाऊरावांच्या तुरीत किडलेल्या शेंगा जास्त होत्या. शेंगेला भोक, आत हिरवी अळी. वर काळे कोतवाल आणि साळुंक्या बसून वेचत होत्या. शेजारच्या वावरांत पक्षी नव्हते. मी विचारलं, यंदा फवारलं नाही का? ते म्हणाले, "नाई मारलं." कारण सांगितलं नाही. मी ते मनात लिहून ठेवलं.

कडेने चालताना मला आणखी काही दिसलं. कितीतरी धुऱ्यांवर काठी रोवून तिच्यावर औषधाचा रिकामा डबा उलटा टांगला होता. पर्समधला कागद आठवला. मला बरं वाटलं. निदान खूण तरी लावतात.

भाऊराव पाण्याचं पाहायला विहिरीकडे गेले. पलीकडच्या वावरात कापूस वेचणाऱ्या बायका उन्हं तापल्यावर सावलीला बसल्या होत्या. मी त्यांच्याजवळ गेले. त्या मीनाला ओळखत होत्या. त्यांच्यातली मोठी अनसूयाबाई. तिने मला बसायला पोतं अंथरलं आणि ओटीतून मूठभर तुरीच्या शेंगा काढून दिल्या. मी घेतल्या नाहीत. समोरच्या धुऱ्यावर डबा टांगलेला होता आणि शेंगा तिथल्याच होत्या, हे मी पाहिलं होतं.

मी म्हटलं, "त्या वावरात फवारलं आहे ना?"

सगळ्या हसल्या.

"फवारलं असतं तं डबा कायले टांगला असता, बाई?" अनसूयाबाई म्हणाली.

मग तिने मला समजावून सांगितलं. जाता-येता मूठभर शेंगा तोडून खायला या मुलखात कुणी कुणाला नाही म्हणत नाही. पण रस्त्यावर गाड्या थांबवून लोक पिशव्या भरून न्यायला लागले. तेव्हा कुणीतरी युक्ती केली. न फवारलेल्या तुरीवर औषधाचा डबा टांगला. शेंगा वाचल्या. पुढच्या साली दहाजणांनी टांगले. मग बायकांच्या लक्षात आलं, की खरोखर फवारणारा माणूस दमलेला असतो, तो डबा तिथेच धुऱ्यावर फेकतो आणि घरी जातो. टांगायच्या भानगडीत पडतो तो फक्त शेंगा राखणारा.

"खाली पडला असंन तं हात नोका लावू," ती म्हणाली. "वर टांगला असंन तं खुशाल खा. आमाले भेव दाखवाले टांगते थे."

हा नियम तिथल्या प्रत्येक बाईला ठाऊक होता. म्हणजे मीनालाही असणार. शेंगा सोलत बायका हसत होत्या आणि मी त्या टांगलेल्या डब्याकडे पाहत होते.

तेवढ्यात एकीने बोट दाखवलं. भाऊरावांच्या वावराला लागून जे वावर आहे, त्याच्या धुऱ्यावर प्लास्टिकच्या खुर्चीत एक गृहस्थ बसले होते. पांढरा सदरा, डोक्यावर छत्री. देवळीला त्यांचं कापडाचं दुकान आहे. हे वावर त्यांनी दोन-तीन वर्षांपूर्वी घेतलं. नाव रमेशशेठ.

"शेटजी शेंगा राखून राह्यला," ती म्हणाली. "मीटर घेऊनच बसला असंन. मागतली तं मीटरनं मोजून देईन."

दुसरी म्हणाली, "अन् वरून अस्तर लागंन म्हणंन."

मीही हसले. त्या दिवशी मला त्या माणसाचा राग आला, एवढंच. मीना आजारी पडली ती त्याच धुऱ्यावर. तिच्या ओटीत शेंगांची सालं होती, हे अंत्यविधीच्या वेळी माझ्या कानावर आलं होतं.

केळझर

संकष्टीला मीना केळझरच्या गणपतीला जायची. स्वाती म्हणाली, चला मावशी, त्यांच्या बदली आपण जाऊ. वर्ध्याहून नागपूरच्या रस्त्याला सेलू तालुक्यात हे गाव लागतं. देऊळ टेकडीवर आहे. गर्दी होती, पण रेटारेटी नव्हती. शेंदूर ल्यालेली मोठी मूर्ती, वर वारा, आणि खाली पट्ट्यापट्ट्यांची वावरं. आमच्याकडे देवळात माणसं नवस बोलतात ते मनात. इथे एक बाई गणपतीला मोठ्याने रागावत होती, तू काऊन असं करून राह्यला म्हणून. कुणी तिच्याकडे वळून पाहिलं नाही.

पायऱ्यांशी पेरू विकणारी बसली होती. मी पेरू हातात घेऊन उलटसुलट पाहिला, वास घेतला, परत ठेवला. ती म्हणाली, "बाई, पोरगी पाह्यले आल्या का पेरू घ्याले?" स्वाती पहिल्यांदाच मोकळी हसली. तिने दोन पेरू घेतले, एक स्वतः चावला आणि मग पायरीवर बसून, माझ्याकडे न पाहता, बोलायला लागली.

ती म्हणाली, तुम्ही काय विचारायला आलात ते मला कळलं आहे, पण घरात विचारू नका. त्या दिवशी सकाळी बाबांनी भाजीत मीठ जास्त झालं म्हणून ताट सरकवलं होतं. बोलले नको तसं. आई पदर खोचून उठल्या आणि म्हणाल्या, आता तुमचं तुम्हीच करून खा. एवढं म्हणून वावरात गेल्या. दुपारी त्यांना उचलून आणलं. तोंडाला फेस होता.

मी विचारलं, शेंगांचं काय?

शेंगांचं सगळ्यांच्याच डोक्यात आलं होतं. पोलिसांनी रमेशशेठना विचारलं. त्यांनी सांगितलं, मी फवारलंच नव्हतं. डबाही टांगलेला होता. सगळं गाव म्हणालं, बरोबर आहे, डबा टांगलेला होता म्हणजे फवारलेलं नव्हतं.

"मंग काय राह्यलं, मावशी?" स्वाती म्हणाली. "आमच्या जिन्याखाली औषधाचा अर्धा भरलेला डबा होताच. बाबांनी थो दुसऱ्या दिवशी पुरून टाकला. तवापासून घरात औषध नाई आलं. अन् जेवनात काही बी टाका, थे बोलत नाईत."

भाऊराव वर्षभर काय गिळत होते ते मला कळलं. पण मीना मिठावरून जीव देईल, हे मला पटेना. न पटणं हा पुरावा नसतो, हेही मला कळत होतं.

परतताना बसमध्ये मी तिला सहज विचारलं, रमेशशेठ रोज असेच बसतात का? ती म्हणाली, नाही, फवारलं की बसतात. यंदा आधी एकदा फवारलं तेव्हा आठवडाभर दुकान बंद ठेवून बसले, मग फिरकले नाहीत.

"मग शेंगा कोण राखतं?"

"कोनी नाई. मंग आमीच खाल्ल्या."

पुन्हा धुऱ्यावर

दुसऱ्या दिवशी दुपारी मी एकटीच गेले. मोठ्या रस्त्यावर रिक्षा सोडली. पुलगावकडे जाणारा हा रस्ता सतत वाहता असतो. तिथून एक पऱ्हाटीचं वावर, मग नाला, मग पुन्हा पऱ्हाटी ओलांडून मी त्या धुऱ्यापाशी पोचले तेव्हा मला धाप लागली होती. रमेशशेठ उठून उभे राहिले, खुर्ची मला दिली आणि स्वतः दगडावर बसले. पाण्याची बाटली पुढे केली. मी नको म्हटलं. फवाऱ्याचा वास अजून होता, घशाशी खवखवणारा. एका तुरीखाली मधमाश्या पडल्या होत्या, बऱ्याच.

मी कोण हे त्यांना ठाऊक होतं. थोडा वेळ आम्ही थंडीबद्दल बोललो. मग दोन मुली शेळ्या घेऊन आल्या. रमेशशेठ उठून हात जोडत त्यांच्याकडे गेले आणि त्या पार नाल्यापर्यंत जाईपर्यंत परत आले नाहीत.

ते बसल्यावर मी म्हटलं, "शेंगा राखायच्या असत्या तर तुम्ही रोज बसला असता. तुम्ही फवारल्यावरच बसता."

ते बोटातली अंगठी फिरवत राहिले.

"दुकान बंद ठेवून बसता. डबा टांगून भागत नाही, हे तुम्हाला कसं कळलं?"

मग ते म्हणाले, "ताई, मी टांगला होता. लाल कपडा बांधून टांगला होता. कागदात लिहिलं होतं, खूण लावा. आपण शेतीत नवीन, पूरा कागद वाचला, तसंच केलं. इथं उलटं समजतात हे मला कोणी सांगितलंच नव्हतं."

"म्हणजे फवारलं होतं."

"आदल्या दिवशी. गडी पुलगावचा आणला होता, गावात कोणाला पत्ता नाही."

मग पोलिसांना नाही का म्हणालात, असं मी विचारलं. माझा आवाज वाटला तितका शांत नव्हता. ते म्हणाले, घाबरलो. आम्ही दुकानदार माणसं, गावात जमीन घेतली म्हणून आधीच राग. पोलीस आले तेव्हा आजूबाजूला पन्नास माणसं उभी होती आणि त्यांतला एक म्हणाला, याने मारलं असतं तर डबा टांगला असता का? सगळ्यांनी मान हलवली. "मला फक्त हो म्हणायचं होतं, ताई. त्यांनीच उत्तर तयार करून दिलं."

मी खुर्चीतून उठले. त्या माणसाचं मला काय वाटलं, ते आजही नीट सांगता येत नाही. त्याने कागदात लिहिलं तसं केलं होतं आणि त्यामुळेच माझी बहीण तिथे निर्धास्त बसली. मग त्याने खोटं बोलून तिच्यावर आणि तिच्या नवऱ्यावर ते ढकललं. मी त्याला एवढंच सांगितलं, की आमच्या घरात एक माणूस वर्षभर असं समजतो आहे की मिठावरून बोलल्यामुळे बायकोने विष घेतलं. परवा वर्षश्राद्ध आहे. तुम्ही या असं मी म्हणत नाही.

तो येईल असं मला वाटलं नाही. घरी मी कुणाला काही बोलले नाही. ऐकलेलं मीच सांगितलं असतं तर तो उद्या पुन्हा नाही म्हणू शकला असता.

वर्षश्राद्ध

विधी सकाळी आटोपला. आमच्याकडे वर्षश्राद्धाला घरचे आणि जवळचे नातलग बोलावतात, इथे निम्मं गाव येतं. अंगणात पंगत बसली. वडे, कढी, खीर, गिलक्याची भाजी. भाऊराव स्वतः वाढत होते. अनसूयाबाई आणि वेचणीच्या बायका मागच्या ओळीत होत्या.

रमेशशेठ फाटकाशी आले तेव्हा कढी वाढणं चाललं होतं. चपला बाहेर काढल्या, पण आत बसले नाहीत. कुणीतरी म्हणालं, या शेटजी, आज शेंगा कोनाच्या भरवशावर सोडल्या? ते हसले नाहीत. सरळ भाऊरावांसमोर गेले.

"भाऊराव, मी त्या दिवशी खोटं बोललो," ते म्हणाले. "आदल्या दिवशी फवारा मारला होता. म्हणूनच डबा टांगला होता."

पंगतीतले हात थांबले. एक म्हातारे म्हणाले, फवारा मारला अन् डबा बी टांगला? जणू या सगळ्यात आक्रीत काही असेल तर तेवढंच. मागच्या ओळीतून अनसूयाबाईचा आवाज आला, "अगं माय." आणि तिने ताटातला हात उचलून पदराला पुसला.

भाऊराव कढीचं भांडं धरून उभे होते. दोन माणसं उठून रमेशशेठकडे सरकली. भाऊरावांनी त्यांना हातानेच थांबवलं आणि विचारलं, "तुमी पाह्यलं होतं का तिले?"

"पाहिलं. स्कूटरवरून दुकानात चाललो होतो. रस्त्यावरून दिसल्या."

"काय करून राह्यली होती?"

"धुऱ्यावर बसल्या होत्या. शेंगा खात होत्या." ते थांबले. भाऊरावांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. "गाणं म्हणत होत्या. ऐकू आलं मला. खुश होत्या भाऊराव. मला वाटलं, डबा तर आहेच टांगलेला, त्या पाहतील. म्हणून थांबलो नाही."

भाऊराव खाली बसले. भांडं हातातच होतं. मग त्यांनी ते जमिनीवर ठेवलं आणि तळव्यांनी डोळे दाबून धरले. स्वाती धावली. कुणीतरी म्हणालं, आता ठाण्यात जायला पाहिजे. भाऊराव डोळ्यांवरचे हात न काढता बोलले, "तिनं घेतलं नोतं. मले इतलंच पाह्यजे होतं." थोड्या वेळाने उठून त्यांनी स्वातीला एक पान वाढायला सांगितलं. रमेशशेठ पंगतीच्या टोकाला बसले. त्यांच्या शेजारचा माणूस थोडा सरकला, पण उठला नाही. ते जेवले की नुसते बसले, मी पाहिलं नाही.

संध्याकाळी बायका धुऱ्याधुऱ्याने फिरून टांगलेले डबे उतरवत होत्या. पुरुष म्हणत होते, मग शेंगा कशा राखायच्या? त्यावर भांडणं झाली. एकाने डबा परत टांगला आणि त्याच्या बायकोने काठीसकट उपटला. ती भांडणं अजून चालू आहेत, असं स्वाती फोनवर सांगते. आता फवारणाऱ्याने देवळापाशी जाऊन तोंडाने सांगायचं, असं ठरलं म्हणे. किती दिवस पाळतील, मला शंका आहे. देवळीच्या दुकानाची पायरी कागदांनी भरलेलीच असणार.

परत

निघायच्या दिवशी सकाळी मी एकदा तिथे जाऊन आले. मोठ्या रस्त्यावर उभी राहिले. ट्रक जात होते. मध्ये पऱ्हाटीचं वावर, नाला, पुन्हा पऱ्हाटी. धुऱ्यावर अनसूयाबाई उभी होती. ती मला पाहून हात हलवत काहीतरी ओरडली. तोंड हलताना दिसलं. शब्द ऐकू आला नाही. मी कानाशी हात नेला, ती पुन्हा ओरडली, पुन्हा काही आलं नाही.

मग मी बराच वेळ त्याच हिशोबात होते. इथून माणूस दिसतं, बसलेलं कळतं, खातंय हेही कदाचित कळेल. गाणं कळणार नाही. रमेशशेठने ते भाऊरावांच्या चेहऱ्याकडे पाहून घातलं. एक गोष्ट घातली असेल तर आणखी कोणती घातली? फवारा आदल्या दिवशीच मारला होता कशावरून? की तेही त्याने आम्हा लोकांची दया येऊन आपल्या अंगावर घेतलं? मग खुर्ची कशासाठी? मेलेल्या माश्या मी पाहिल्या होत्या, पण त्या यंदाच्या. मी सगळं पुन्हा पहिल्यापासून मांडलं. फवारा खरा आहे, असंच बहुतेक वेळा उत्तर आलं.

भाऊरावांनी मला मोटारसायकलवरून देवळीला आणलं. बसला वेळ होता. त्यांनी माझ्या पिशवीत स्वातीने दिलेला डबा नीट बसवला. ते स्थानकाच्या फाटकाकडे पाहू लागले. मग म्हणाले, "ताई, कोणतं गाणं म्हणत असंन हो ती?"

त्या रस्त्यापासून त्या धुऱ्याचं अंतर त्यांनी जन्मभर चालून काढलं आहे. तिथून काय ऐकू येतं आणि काय नाही, हे माझ्याहून त्यांना जास्त ठाऊक आहे. ते माझ्याकडे पाहत नव्हते. उत्तराची वाट मात्र पाहत होते.

मी म्हटलं, आमच्या आईच्या जात्यावरच्या ओव्या असतील. मीनाला त्या सगळ्या येत होत्या.

"हाव," भाऊराव म्हणाले. "त्याच असतीन."

बस लागली. त्यांनी पिशवी वर चढवून दिली आणि मी खिडकीशी बसल्यावर खालून विचारलं, त्यातली एखादी आठवते का. मी आठवून त्यांना एक सांगितली.